चला कंटाळायला... न्हावऱ्याला!

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये एकच प्रश्न असतो. 'वीकेंडचा काय प्लॅन?' उत्तरंही ठरलेली. लोणावळा, मुळशी, सिंहगड, नाहीतर मॉल आणि मल्टिप्लेक्स. 'काही नाही, घरीच' म्हणणाऱ्याकडे लोक असे बघतात, जणू बिचाऱ्याचं कालच ब्रेकअप झालंय! आणि सोमवारी सकाळी हीच मंडळी कॉफी मशीनसमोर जांभया देत म्हणतात, 'यार, वीकेंड कुठे गेला कळलंच नाही.'

कळणार कसं? दमलेल्या डोक्याला आराम हवा म्हणून आपण त्याला दुप्पट कामाला लावतो. ट्रॅफिक, पार्किंग, फोटो, फोटोला कॅप्शन, कॅप्शनला लाइक्स. एक मिनिट मोकळं मिळालं तरी खिशातून फोन बाहेर!

म्हणून यावेळी एक हटके डेस्टिनेशन. नाव न्हावरे, तालुका शिरूर, जिल्हा पुणे. समुद्र नाही, रिसॉर्ट नाही, सनसेट पॉइंट नाही. गावातल्या लोकांना ढीगभर कामं असतात, पण शहरातून आलेल्या पाहुण्याला इथे करण्यासारखं काहीच नाही. हाच या ट्रिपचा यूएसपी! मी तिथे एक अख्खा दिवस फक्त कंटाळायला गेले होते.

जायचं कसं?

पुणे-नगर रस्त्याने शिक्रापूर गाठायचं. वाटेतलं वाघोलीचं ट्रॅफिक म्हणजे कंटाळ्याचा ट्रेलर समजा. शिक्रापूरच्या चौकात डावीकडे चाकण, उजवीकडे तळेगाव ढमढेरे आणि तसंच पुढे न्हावरे. दुसरा मार्ग शिरूरवरून. शिरूर-चौफुला हा रस्ता नगर रोडला सोलापूर रोडशी जोडतो आणि न्हावरे बरोब्बर त्या रस्त्यावर आहे. म्हणजे दोन मोठे रस्ते या गावात एकमेकांना छेदतात.

साहजिकच न्हावऱ्याच्या चौकातून दिवसभर गाड्या जात असतात. ट्रक, ट्रॅक्टर, एसटी, टेम्पो. सगळे दुसरीकडे कुठेतरी निघालेले. एका अंगाला घोड नदी, दुसऱ्या अंगाला भीमा आणि मधे ऊस. जिल्ह्यात गावाचं नाव घेतलं की लोकांना आठवतो तो घोडगंगा सहकारी साखर कारखाना. टूरिस्ट गाइडमध्ये मात्र या गावावर कोणी पान खर्च केल्याचं मी पाहिलेलं नाही.

माझे नियम सोपे होते. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. फोन स्विच ऑफ करून सॅकच्या तळाशी. पुस्तक नाही, इअरफोन नाहीत, मुलाखती घ्यायच्या नाहीत. कोणी बोललं तर बोलायचं, नाहीतर बसायचं.

पहिला तास : हाताला खाज

चौकाजवळच्या एका टपरीवर चहा घेतला आणि बाकावर बसले. दहा मिनिटं मस्त गेली. मग हात आपोआप सॅककडे जायला लागला. पहिल्या अर्ध्या तासात तो किती वेळा गेला ते मी मोजलं. अकरा वेळा! कोणाचा मेसेज येणार नव्हता, कोणाला फोन करायचा नव्हता. तरी अकरा वेळा.

टपरीवाल्या ताई बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. शेवटी राहवलं नाही.

"कोणाची वाट बघताय का?"

"नाही ओ ताई, अशीच बसलेय."

"अशीच?" त्यांनी कप विसळता विसळता पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं. "बसा, बसा. पण एसटी गेली तर लवकर दुसरी नाही, सांगून ठेवते."

नुसतं बसणं इतकं अवघड असतं का? असतं. २०१४ मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग छापून आला. लोकांना पंधरा मिनिटं एका खोलीत एकटं बसवलं. फोन नाही, वाचायला काही नाही. सोबत फक्त एक बटण, दाबलं की विजेचा सौम्य झटका. हा झटका टाळायला आपण पैसे मोजू, असं या लोकांनी आधी सांगितलेलं होतं. तरीही १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी पंधरा मिनिटांत स्वतःला एकदा तरी झटका दिलाच. रिकामं बसण्यापेक्षा शॉक परवडला! आपल्या सगळ्यांच्या खिशातही असंच एक बटण आहे. फक्त त्याला शॉक म्हणायच्या ऐवजी आपण नोटिफिकेशन म्हणतो.

कंटाळा 'येतो' म्हणजे काय?

मराठीत एक गंमत आहे. कंटाळा 'येतो'. ताप येतो, झोप येते, पाहुणा येतो, तसाच. 'कंटाळा करणं' ही वेगळी भानगड, तो शुद्ध आळस. आई ओरडायची ती 'कंटाळा करू नकोस' म्हणून. 'कंटाळा येऊ देऊ नकोस' असं कुठली आई म्हणाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. कारण येणं आपल्या हातात नसतं आणि त्यात काही चूकही नसते.

कॅनडातल्या यॉर्क युनिव्हर्सिटीचे जॉन ईस्टवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये कंटाळ्याची जी व्याख्या मांडली, ती साध्या भाषेत अशी : मनाला कशात तरी समाधानानं गुंतायचंय, पण गुंतता येत नाही, ही अस्वस्थता म्हणजे कंटाळा. म्हणजे हा आळस नाही. उलट मन कामाला तयार आहे, त्याला मनाजोगतं काम सापडत नाहीये. भूक लागली की पोट सांगतं, तसा कंटाळा सांगतो की बाबा रे, जे चाललंय ते मला पुरेसं नाही.

आता भूक लागल्यावर रोज वेफर्सचं पाकीट फोडलं तर काय होईल? आपण नेमकं तेच करतो. कंटाळा आला की रील, रील आवडली नाही की पुढची रील. टोरंटो युनिव्हर्सिटीच्या केटी टॅम आणि मायकल इन्झ्लिख्ट यांनी २०२४ मध्ये यावर सात प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना वाटत होतं, व्हिडिओ पुढे ढकलले, एकावरून दुसऱ्यावर उड्या मारल्या की कंटाळा कमी होईल. प्रत्यक्षात झालं उलटंच. ज्यांना उड्या मारायची मुभा होती ते जास्त कंटाळले. एकच व्हिडिओ नीट बघणाऱ्यांना तो जास्त आवडला. थोडक्यात, फोनमुळे आपला कंटाळा गेलेला नाही. तो फक्त ऐकू येईनासा झालाय आणि आतल्या आत वाढलाय.

दुसरा तास : डोक्याची नाइट शिफ्ट

बारा वाजता ऊन चढलं. शेजारी एक आजोबा येऊन बसले. त्यांनाही काही घाई नव्हती. मी नुसतीच बसलेय हे कळल्यावर त्यांना त्यात काहीच विचित्र वाटलं नाही.

"आमचं तर आयुष्य बसण्यात गेलं, पोरी. उसाचा ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर नंबर लागायची वाट बघायची. रातची लाईट असली की मोटर चालू करून बांधावर बसायचं."

"मग एवढा वेळ काय करायचात आजोबा?"

"काय करणार? काही नाही. उद्याचं काम डोक्यात लावून ठेवायचं. थोरल्या पोरीच्या लग्नाचा सगळा हिशेब मी मोटरीवर बसून केलाय. आणि आता फोन बघत बसलं तर बिबट्या पाठीमागं येऊन उभा राहील, तरी कळायचं नाही!"

बिबट्याचं सोडा, ती या तालुक्यातली खरीखुरी काळजी आहे. पण हिशेबाची गोष्ट मेंदूशास्त्राशी बरोबर जुळते. २००१ मध्ये अमेरिकेतल्या मार्कस रायकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की आपण समोरचं काम थांबवलं म्हणून मेंदू बंद पडत नाही. उलट त्याचे काही ठरावीक भाग तेव्हाच जास्त कामाला लागतात. या जाळ्याला आता 'डिफॉल्ट मोड नेटवर्क' म्हणतात. जुन्या आठवणी, स्वतःबद्दलचे विचार, उद्याचे बेत, दुसऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज, ही सगळी खाती या नेटवर्ककडे. मेंदूची ही नाइट शिफ्ट चालायची तर दिवसाची शिफ्ट कधीतरी सुटावी लागते ना!

त्यातून नवंही काही सुचतं. ब्रिटनच्या सँडी मान आणि रिबेका कॅडमन यांनी २०१४ मध्ये लोकांना आधी टेलिफोन डिरेक्टरीतले नंबर वाचायला किंवा उतरवून काढायला लावले आणि मग प्लास्टिकच्या दोन कपांचे उपयोग सुचवायला सांगितले. हे रटाळ काम करून आलेल्यांना, विशेषतः नुसतं वाचत बसलेल्यांना, थेट आलेल्यांपेक्षा जास्त सुचलं.

पण यासाठी ब्रिटनला कशाला जायचं? आपल्याकडे त्याहून मोठा पुरावा आहे. पहाटे उठून तासन् तास जातं ओढायचं, याहून रटाळ काम कुठलं? त्या गोल गोल फिरण्यातून बायकांनी ओव्या रचल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांत फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने त्या आपल्यापर्यंत पोचवल्या आहेत. सासर, माहेर, विठ्ठल, नवरा, मुलगी, आंबेडकर, सगळं त्यात आहे. हात अडकलेले आणि डोकं मोकळं, म्हणून हे घडलं. अर्थात गिरणी आली तेव्हा कुठल्याही बाईने जात्यासाठी अश्रू ढाळले नसणार. कष्ट गेले ते बरंच झालं. प्रश्न एवढाच की कष्टांबरोबर तो मोकळा वेळही हातातून गेला का?

माझंही त्या बाकावर थोडं काम झालं. एका ऑफिसची नोकरीची ऑफर दहा दिवस माझ्याकडे पडून होती. फ्रीलान्सिंग सोडायचं की नाही? मैत्रिणींना विचारून झालं होतं, फायदे-तोट्यांची यादी करून झाली होती. त्या दुपारी जाणाऱ्या ट्रकांकडे बघताना एक साधी गोष्ट लक्षात आली. या नोकरीचा विचार करताना दरवेळी डोळ्यासमोर पगाराची स्लिप येत होती. काम एकदाही आलं नव्हतं. उत्तर मिळालं. त्यासाठी कुठलंही अॅप लागलं नाही.

फुकटचा कंटाळा

गोष्ट इथेच संपली असती तर फील-गुड झाली असती. पण दोनच्या सुमाराला एक मुलगा टपरीवर आला. वय बावीस-तेवीस. बी.कॉम. झालंय, पोलीस भरतीची तयारी करतोय. मी इथे कशाला आलेय ते ऐकून हसला.

"मॅडम, तुम्ही कंटाळा यावा म्हणून तिकीट काढून आलात. आम्हाला इथं तो फुकट मिळतो."

बोलती बंद! त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. माझ्याकडे नको म्हणायला तरी एक ऑफर होती. तो मात्र भरती निघायची वाट बघतोय, मग निकालाची वाट बघणार. घरात रोज एकच प्रश्न : 'काय झालं?' हा कंटाळा वेगळा. त्याला संध्याकाळी पाचची एसटी नाही.

"मग दिवसभर काय करतोस?"

"फोन. डेटा संपेपर्यंत रील्स. संपला की डोकं दुखतं."

"बरं वाटतं का?"

"कशाचं बरं? उलट जास्तच कंटाळा येतो."

टोरंटोच्या सात प्रयोगांचा निष्कर्ष पोराने एका वाक्यात सांगितला!

कंटाळ्याचं कौतुक करताना ही दुसरी बाजू विसरून चालणार नाही. १९८६ मध्ये फार्मर आणि संडबर्ग या दोघांनी कंटाळ्याकडे असलेला कल मोजायची एक प्रश्नावली तयार केली. ज्यांना सतत, सगळ्याचाच कंटाळा येतो त्यांच्यात उदासी आणि एकटेपणा जास्त आढळला. मन भरकटलं की आनंदच मिळतो असंही नाही. २०१० मध्ये हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २,२५० लोकांना दिवसभरात अधूनमधून फोनवर विचारलं, आत्ता मन कुठे आहे? जवळजवळ निम्म्या वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. आणि तसं असताना लोक एकूणात कमी खूश होते.

मग खरं काय? मला वाटतं, फरक दाराच्या कडीचा आहे. कडी आपल्या हातात असेल, हवा तेव्हा बाहेर पडता येत असेल, तर कंटाळा हा सल्लागार. कडी बाहेरून लावलेली असेल, तर तोच कंटाळा कोंडवाडा. त्या मुलाला 'कंटाळा एंजॉय कर' असं सांगणं म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे फायदे सांगणं. त्याला हवी आहे नोकरी.

तरीही जाता जाता त्याने एक गोष्ट सांगितली. पहाटे तो ग्राउंडवर १६०० मीटरचा सराव करतो. फोन घरी, सोबत कोणी नाही, नुसते गोल गोल राउंड. "कंटाळवाणंच आहे मॅडम. पण दिवसभरात तेवढाच वेळ डोकं जाग्यावर असतं." म्हणजे दिवसातल्या त्या एका कंटाळ्याची कडी त्याने स्वतःच्या हातात ठेवली होती.

थोडं पुढे, तीन हजार वर्षं मागे

बाकावरून उठले आणि मिळाली त्या गाडीने काष्टीच्या दिशेने निघाले. याच रस्त्यावर, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. इथेही पोस्टकार्डवर छापावं असं काही नाही. माती, शेतं आणि नदी. पण १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने बारा सीझन इथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी यांच्यासारखे मोठे पुरातत्त्वज्ञ या कामात होते. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं अख्खं गाव मातीखालून वर आलं. शंभराहून जास्त घरं, पाण्याचा पाट, धान्याच्या कणग्या, कुंभात पुरलेली लहान मुलं आणि चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला एक मोठा माणूस. महाराष्ट्रातलं शेतकऱ्याचं रोजचं जगणं तीन हजार वर्षांपूर्वी कसं होतं, हे आपल्याला कळलं त्यात इनामगावचा वाटा फार मोठा आहे.

आता बारा सीझन म्हणजे काय, विचार करा. उन्हात उकिडवं बसून ब्रशने माती झाडायची. पुन्हा झाडायची. खापराचा तुकडा आला तर नंबर घालायचा. मग पुन्हा माती. दर पाच मिनिटांनी काहीतरी भारी सापडायलाच हवं असा हट्ट धरला असता तर पहिल्याच आठवड्यात सगळे पुण्याला परतले असते! जगातली बरीचशी चांगली कामं आतून अशीच दिसतात. कोडिंग करणाऱ्या, ऑडिट करणाऱ्या, पेशंट बघणाऱ्या कोणालाही विचारा. ज्याला कंटाळा सोसत नाही त्याला खोलात जाणं जमत नाही. करिअरच्या दृष्टीनेही कंटाळ्याचा स्टॅमिना ही कामाची चीज आहे बॉस!

तुमच्यासाठी होमवर्क

न्हावऱ्यालाच जायला हवं असं नाही. हे शहरातही जमेल :

- एक रांग, फोनशिवाय. लिफ्ट, बस स्टॉप, दवाखाना, कुठलीही. मेट्रोत दोन स्टेशनं नुसतं खिडकीबाहेर बघा.
- हाताला रटाळ काम द्या. भाजी निवडा, इस्त्री करा, शेंगा सोला. हेडफोन न लावता. जात्याचा फंडा तोच आहे.
- पहिली वीस मिनिटं सोसा. खाज सुटते, चिडचिड होते. माझ्या हाताची आठवण ठेवा. ती ओसरली की पुढे खरी मजा.
- कंटाळा काय म्हणतोय ते ऐका. 'हे काम नको' म्हणतोय, 'हे लोक नकोत' म्हणतोय की नुसती 'झोप हवी' म्हणतोय? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत.
- त्याच त्या वाईट विचारांचं चक्र सुरू झालं तर उठा. चालायला जा, कोणाशी तरी बोला. कंटाळा म्हणजे शिक्षा नव्हे.
- फरक ओळखा. आवडत्या गोष्टीही दोन आठवड्यांहून जास्त काळ नकोशा वाटत असतील, झोप-भूक बिघडली असेल, सगळं निरर्थक वाटत असेल, तर तो कंटाळा नाही. डॉक्टरांना भेटा. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. जगण्यातच राम वाटेनासा झाला असेल तर दोन आठवडे थांबूही नका, आजच फोन करा.

आणि हो, एखाद्या रविवारी शिक्रापूरच्या चौकात उजवीकडे वळलातच, तर न्हावऱ्यात टपरीवरचा चहा घ्या आणि बसा. कोणी 'कोणाची वाट बघताय?' असं विचारलं तर 'अशीच बसलेय' म्हणायला लाजू नका. कंटाळा येईल. त्यालाही शेजारी जागा द्या. त्याचं बोलून झालं की तो आपला उठून जातो.